चार सेकंदांचं विरजण

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१

आले एकदाची पनवेलला! दोन ट्रंका, एक वळकटी आणि आईने दिलेला चकल्यांचा डबा. बोरघाटात एसटीने असा काही ब्रेक मारला की शेजारचे गृहस्थ डब्यावरच बसले, त्यामुळे आता तो चकल्यांच्या चुऱ्याचा डबा आहे. चवीत काही फरक पडलेला नाही.

खोली तळ्याजवळ, शोभाताईंच्या माडीवर. खिडकी उघडली की कर्नाळ्याचा सुळका समोर. शोभाताईंचा मुलगा मस्कतला असतो, त्या एकट्याच. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी विचारलं की चौतिसाव्या वर्षापर्यंत लग्न का नाही केलं. म्हटलं, लक्षातच राहिलं नाही. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आमचं जमणार.

उद्यापासून कारखाना. कोन गावापलीकडे, टेकडीच्या आडोशाला. होड्यांवर आणि जहाजांवर ठेवतात ती संकटाची रॉकेटं तिथे बनतात. समुद्रात होडी अडचणीत आली की नळी हातात धरायची, खालची दोरी ओढायची, चार सेकंदांनी रॉकेट वर जातं आणि आभाळात लाल उजेड होतो. ते चार सेकंद म्हणजे माझं खातं. दोरी ओढल्यावर माणसाला हात लांब करायला, तोंड फिरवायला, नळी सरळ धरायला वेळ हवा. तो वेळ एका बोटभर नळीत दाबून भरलेली पूड देते. ती पूड बरोबर चार सेकंद जळते की नाही, हे तपासून सही करायची, एवढंच माझं काम.

पुण्याच्या औषध कंपनीतली नोकरी खोट्या अहवालावर सही केली नाही म्हणून गेली. आई म्हणाली, आता तरी जरा वाकायला शीक. मी म्हटलं, बघू.

बुधवार, १३ नोव्हेंबर

कारखाना आवडला. खोल्या एकमेकींपासून दूर, मधे मातीचे उंच बांध, वर हलके पत्रे, म्हणजे काही उडालंच तर वर उडावं, शेजाऱ्याला लागू नये. प्रत्येक दाराशी पाण्याचं टाकं. आत जाताना बांगड्या, पिना, जोडवी सगळं काढून ठेवायचं. लोखंडाला बंदी. मी केसांतले आकडे काढले आणि दिवसभर झिंज्या सावरत फिरले.

तीन नंबरच्या खोलीत पूड दाबतात. सहा बाया, सहा दाबयंत्रं. त्यांची म्होरकी ठमाबाई, चिरनेरची, पंचावन्नच्या पुढची, वीस वर्षं इथेच. दांडा खाली ओढून चार मोजेपर्यंत धरायचा, मग सोडायचा. सगळ्या बाया एकदम मोजतात: एक, दोन, तीन. चौथ्याला मात्र कोणी तोंड उघडत नाही. दांडा वेळेवर सुटतो, आवाज नाही. मी विचारलं, चार का नाही म्हणत. ठमाबाई म्हणाली, इथे पद्धत नाही.

मॅनेजर कृष्णकांत साहेब अतिशय गोड बोलतात. एवढं गोड बोलणारा माणूस मला पचत नाही, पण पहिल्याच आठवड्यात नाक मुरडायला नको.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज पुडीची परीक्षा घेतली. दगडी कोनाड्यात नळी बसवायची, काचेच्या अलीकडून बटण दाबायचं, एका टोकाला पेट घेते, दुसऱ्या टोकाला ठिणगी पडते. मधला वेळ घड्याळात. साडेतीन ते साडेचार सेकंद चालतात.

दहा नळ्यांची सरासरी आली दोन पूर्णांक आठ. घड्याळ बदललं. पुन्हा तेच.

रजिस्टर काढलं तर सात वर्षं प्रत्येक पानावर सुवाच्य अक्षरात ‘चार’. इतकी शिस्त कोणत्याही पुडीला नसते. टेबलाचा खालचा खण अडकला होता, तो हिसकून काढला. मागे एक शाळकरी वही सापडली, पेन्सिलीने लिहिलेली, तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांत. माझ्या आधीच्या केमिस्टांची खरी वही. १९८४ साली चार. ८७ला तीन पूर्णांक सात. गेल्या वर्षी तीन पूर्णांक तीन. आणि आज माझे दोन पूर्णांक आठ.

चोर लोक! आकडे खाली घसरत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शाईच्या पेनाने रजिस्टरात दोन पूर्णांक आठ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आठवडाभर पुडीच्या मागे हात धुऊन लागले. विलंबाच्या पुडीचे शत्रू मोजके. दाणा बारीक झाला की ती लवकर जळते, म्हणून चाळण्या तपासल्या. दमट हवेत आळसावते, म्हणून ओल तपासली. कमीजास्त दाबली की वेळ हलतो, म्हणून सहाही यंत्रांचा दाब मोजला. दुपारचं ऊन, सकाळचा गारवा, दोन्ही वेळा नळ्या जाळून पाहिल्या. कालवणी नीट होते का, तेही पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. राहता राहिलं वय. पण जुनी पूड मंदावते. ही उलट धावते आहे.

मग आज कालवणीच्या वेळी ठमाबाईपाशीच उभी राहिले. ताजी पूड परातीत आली. तिने कोपऱ्यातली तपकिरी बरणी उघडली, आतली दोन लाकडी चमचे पूड परातीत टाकली, कालवलं. आणि सगळं झाल्यावर त्याच परातीतले दोन चमचे उचलून परत बरणीत ठेवले.

मी विचारलं, हे काय? विरजण, ती म्हणाली. प्रत्येक घाण्याला लावतो. सात वर्षं झाली.

मला आधी हसूच आलं. मग मी दोन घाणे वेगवेगळे करून घेतले. बरणीशिवायचा जळला बरोबर चार सेकंद. विरजण लावलेला दोन पूर्णांक सात. मग काही हसू आलं नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

ठमाबाईकडून विरजणाची हकिकत ऐकली. जशी ऐकली तशी लिहिते.

सात वर्षांपूर्वी तीन नंबरात हौसा नावाची बाई होती. उरणच्या बाजूची, मोठ्या आवाजाची. सगळ्यांसाठी तीच मोजायची. कृष्णकांत तेव्हा सुपरवायझर. माल घाईने पाठवायचा होता म्हणून त्याने एका घाण्याची पूड नियमाबाहेर तापवून वाळवली. हौसाने परात हातात घेताच सांगितलं की ही पूड कोरडी ठक्क आहे, हाताला चावते, मी दाबणार नाही. त्याने नोकरीची धमकी दिली. हौसा यंत्रावर बसली. एक, दोन, तीन. चार म्हणायच्या आत पूड पेटली आणि हौसा जागीच गेली.

चौकशीत लिहिलं गेलं की हौसाचं लक्ष नव्हतं, मोजण्यात चुकली, दांडा उशिरा सोडला. चूक कामगाराची.

परातीत पूड उरली होती. ती सरकारी माणसाच्या हाती लागली असती तर साहेब आत गेले असते. म्हणून कृष्णकांतने ठमाबाईला ती बरणीत भरायला लावली आणि सांगितलं की प्रत्येक घाण्यात दोन-दोन चमचे घालून संपवून टाक. ठमाबाईने घातले. पण संपवलं नाही. प्रत्येक वेळी पुढच्यासाठी दोन चमचे काढून ठेवले. हे सांगताना ती रडायला लागली.

“मना काय ठाव, मॅडम? घरान विरजान कोन संपवतं का? शेजारनीकर मागाय जावा लागंल.”

मला तिच्यावर रागावता येईना. माझ्या आईनेही नसतं संपवलं. त्या माणसाने आपलं पाप थोडं थोडं करून संपवायला दिलं आणि या बाईने ते संसारी सवयीने सात वर्षं जिवंत ठेवलं.

मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की बरणी पाण्यात बुडवायची आहे, आणि त्या पुडीच्या तयार चार हजार नळ्याही. बरणीचं नाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ती अजून आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

वाटलं होतं बरणी बुडेल. साहेबांनी ती तीन नंबरातल्या कपाटात कुलूपबंद केली, किल्ली खिशात. म्हणाले, बुडवायची तर नोंद करावी लागते, नोंद झाली की प्रश्न विचारतात. चार हजार नळ्यांबद्दल एक अक्षर नाही. त्या रॉकेटांत बसवून सहा जानेवारीला मच्छीमारांच्या सोसायट्यांना जायच्या आहेत.

आणि आज फाटकाशी काळूराम आला. उरणचा मच्छीमार. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं, भुवया जळालेल्या. आमच्याच गेल्या वर्षीच्या मालातली नळी पिशवीत घालून आणली होती. साहेबांनी त्याला भेट नाकारली, म्हणून मी त्याला चहाच्या टपरीवर नेलं. होडीचं इंजिन बंद पडलं, वाऱ्याने आत ओढली, म्हणून त्याने दोरी ओढली. त्यांना शिकवलेलं असतं, दोरी ओढून मोठ्याने चार मोजायचं. त्याला ‘एक’सुद्धा म्हणता आलं नाही, रॉकेट हातातच सुटलं.

निघताना त्याने मान खाली घालून आणखी एक सांगितलं. दोरी ओढायच्या आधीच, अगदी कानाशी, एक बाई म्हणाली होती: चार. होडीवर बाई नव्हती.

मी त्याला सांगितलं की भीतीत माणसाला काहीही ऐकू येतं. तो म्हणाला, तेव्हा भ्यालो नव्हतो, भीती नंतर वाटली. तो दोन्ही पोरांना घेऊन समुद्रावर जातो. तसल्या चार हजार नळ्या त्याच्यासारख्यांच्या हातात द्यायच्या आणि त्यावर मी सही करायची! मेले तरी करणार नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

साहेबांनी आज साखर सोडून मीठ घेतलं. सही करा नाहीतर नोकरी सोडा. मी म्हटलं, दोन्ही करणार नाही. तुम्हाला मला काढायचं असेल तर कारण लेखी द्या. ते लेखी देणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

दुपारी सरकारी निरीक्षकांच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकलं. पेन्सिलीच्या वहीची नक्कल सोबत. पोस्टातून बाहेर आले आणि स्वतःवर खूश होऊन उसाचा रस प्यायले.

बुधवार, ११ डिसेंबर

त्याच चार हजारांतल्या दहा नळ्या पुन्हा जाळल्या. दोन पूर्णांक एक. कोणी हात लावलेला नाही, खोली बंद, ओल तीच. पंधरा दिवसांत पूड एवढी बदलत नाही.

सहाव्या नळीच्या वेळी मी बटणावर बोट ठेवलं होतं, दाबलं नव्हतं. आणि ऐकलं. चार. मोकळा, ठसठशीत आवाज, शेतावरून हाक मारावी तसा. मी मागे वळले. दार बंद होतं. मग बटण दाबलं.

ठमाबाईला विचारलं की हौसाचा आवाज कसा होता. तिने विचारलं, तुमालाही येतो? म्हणजे इतरांनाही येतो. सगळ्या बायांना, सात वर्षं. म्हणून त्या चार म्हणत नाहीत. तो आकडा हौसाच म्हणते, एवढंच.

मला घाबरवायचं असेल तर जरा मोठं काहीतरी आण, हौसा. मी पुण्यात दोन डायरेक्टरांसमोर तीन तास उभी होते.

सोमवार, १६ डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते, नंतर वेड लागल्यासारखं वाटू नये म्हणून.

सकाळी शोभाताईंच्या ओट्याशी चहा करत होते. स्टीलचा पेला फरशीवर पडल्याचा आवाज आला, खणखणीत, गोल फिरून थांबल्याचासुद्धा. मी खाली पाहिलं. पेला माझ्या हातात होता. शोभाताई म्हणाल्या, पाडलास ना? त्यांनीही ऐकलं होतं. मी हातातला पेला दाखवला. आणि दाखवता दाखवता तो निसटला. पडला. आवाज अजिबात झाला नाही.

शोभाताईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. मी उतरवू दिल्या.

शुक्रवार, २० डिसेंबर

नळ्या: एक पूर्णांक दोन.

काल संध्याकाळी डाव्या अंगठ्यावर रक्त दिसलं. पुसलं, खाली जखम नव्हती. आज सकाळी विळीवर भोपळा चिरताना अंगठा कापला. त्याच जागी. रक्त आलं नाही. ते काल येऊन गेलं होतं.

तर असं आहे. शेवट आधी, सुरुवात मागाहून. आधी हे फक्त पुडीचं होतं. आता पूड हाताळणाऱ्या माणसाचंही. ठमाबाईच्या घरी कुत्रं विव्हळलं आणि तासाभराने ट्रकखाली आलं. बाकीच्या बायांच्याही अशाच गोष्टी आहेत, त्या बोलत नव्हत्या एवढंच.

भीती वाटते. सरळ लिहिते, खूप भीती वाटते. आई आठवते. पण मी सोडून गेले तर माझ्या जागी दुसरा येईल आणि सुवाच्य अक्षरात ‘चार’ लिहील.

गुरुवार, २६ डिसेंबर

निरीक्षकांचं उत्तर आलं! सात जानेवारीला स्वतः येणार. साहेबांनी पत्र वाचलं आणि माल सहालाच, काहीही झालं तरी सहालाच निघेल, असं जाहीर केलं. बायांना सुट्टी नाही. तीन नंबरातच बसून नळ्या रॉकेटांत बसवायच्या.

मी फाटकावर ट्रक अडवीन. बघूच.

सोमवार, ३० डिसेंबर

शून्य पूर्णांक चार. घड्याळ सुरू करेपर्यंत संपतं.

आवाज आता दर नळीला. चार. चार. चार. आधी वाटायचं, चिडून म्हणते. आज नीट ऐकलं. ती चिडलेली नाही. घाईत आहे. एखादं पोर चुलीकडे हात नेतं तेव्हा आई ओरडते, तसं.

म्हणजे मी सगळं उलट समजत होते का? घाई पुडीची आहे. हौसा बजावते आहे. पूड जेवढी पुढे पळते, तेवढी हौसा पुडीच्या पुढे पळते, आम्ही वेळेत हात मागे घ्यावा म्हणून. काळूरामलाही ती आधीच सांगून गेली होती. त्याला कळलं नाही. आम्हा कोणालाच कळलं नाही — सात वर्षं आम्ही तिला भूत म्हणत राहिलो.

शुक्रवार, ३ जानेवारी १९९२

कोनाड्यात नळी बसवायला गेले. काच काळी झालेली. नळी हातात, जळून रिकामी. बटण दाबलंच नाही —

रजिस्टरात लिहिलं: माल नाकारला. चारही हजार नळ्या नाकारल्या. सही. तारीख. साहेबांनी पान फाडलं. मी पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं. त्यांनी तेही फाडलं. मी भिंतीवर लिहिलं. भिंत फाड म्हणावं.

रविवार, ५ जानेवारी

सकाळी उठले तेव्हा उजवा तळहात भाजलेला. फोड आलेले, कातडी पांढरी. दुखत नाही. अजून दुखायची वेळ आलेली नाही.

शोभाताई म्हणाल्या, आजच्या आज पुण्याला जा. रडल्या. मीही रडले. मग डाव्या हाताने पोळी खाल्ली. हात आता भाजलाच आहे, तर पळून कशाला जाऊ — पळता पळता भाजलेला हात मला चालणार नाही. त्या बायांना उद्या सकाळी तीन नंबरात बसायचं आहे.

हौसाबद्दल मला जे कळलं ते सगळं वेगळ्या कागदावर लिहून शोभाताईंकडे दिलं. निरीक्षकांच्या हातात, दुसऱ्या कोणाच्या नाही.

सोमवार, ६ जानेवारी
सकाळी, अकराच्या सुमारास

तीन नंबरच्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे. डाव्या हाताने. अक्षराला हसू नये.

साडेदहाला सगळ्यांनी ऐकलं. आधी हौसा. चार — एवढ्या मोठ्याने की बांधावरचे बगळे उडाले. आणि लगेच धडाका. पत्रे उडाल्याचा, भिंत कोसळल्याचा, सगळा आवाज. सहाही बाया उठून पळाल्या, बांधाच्या पलीकडे, एकमेकींवर पडत. मीही. धूर शोधत होतो. धूर नाही. पत्रे जागच्या जागी. खोली जशीच्या तशी.

ठमाबाईला कळलं. मला कळलं. आवाज आला आहे. आग अजून यायची आहे. सात वर्षांत पहिल्यांदा हौसाचं सांगणं कोणीतरी वेळेवर ऐकलं.

साहेबांना कळलं नाही. किंवा कळलं. म्हणाले, टेकडीपलीकडच्या खाणीत सुरुंग असेल, झालं काही नाही, बारा वाजता ट्रक आहे, आत चला. बाया हलेनात. त्यांनी एकेकीचं नाव घेतलं, नोकरीवरून काढीन म्हणाले. दोघी निघाल्या. घरी खाणारी तोंडं आहेत, त्यांचा काय दोष.

म्हणून मी येऊन दारात बसले. आत जायचं तर मला ओलांडून. साहेब बांधापलीकडून ओरडताहेत. ओरडा. मी म्हटलं, तुम्ही या ना, मला ओढून काढा. ते एक पाऊलही पुढे येत नाहीत. आता सगळ्या बायांनी ते पाहिलं. आता कोणी येणार नाही.

ठमाबाई हाका मारते आहे — मॅडम, उठा, झाला ना, आता या — येते. साहेबांचं तोंड अजून त्या दोघींकडे आहे. ते फिरलं की येते.

हात दुखायला लागला. आत्ता. आधी नव्हता. उजवा —

पटकन. हे कागदावर हवं, रजिस्टर ते फाडतात. पूड नियमाबाहेर तापवली होती. हौसाने नाही म्हटलं होतं. मोजण्यात ती चुकली नव्हती. सहा बाया बाहेर आहेत, मोजल्या, सहा. चूक हौसाची नव्हती. ठमाबाईची नव्हती. उद्या कोणी लिहील की केमिस्ट बाईचं लक्ष नव्हतं, तर ऐका, माझं लक्ष होतं, चूक माझीही न